घरात बाळ आले म्हणजे



शाळेत तुम्ही इतिहास शिकता, भूगोल शिकता, गणित शिकता. प्रत्येक विषयास पुस्तक आहे, तास आहे आणि परीक्षेचा दिवसही आधी कळतो. परंतु एक विषय असा आहे की, त्यास पुस्तक नाही, तास नाही, आणि परीक्षा मात्र न सांगता दाराशी येऊन उभी राहते. तो विषय म्हणजे आपले घर. घरात नवे बाळ जन्मास येते, तेव्हा ही परीक्षा सर्वांत कठीण होते. ती एकट्या आईची परीक्षा आहे असे पुष्कळांस वाटते, आणि आम्हांसही तसेच वाटत असे. आमचा हा समज आमच्याच एका विद्यार्थ्याने दूर केला. तो कसा, हे सांगण्यासाठी आम्ही आज लेखणी हाती घेतली आहे.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील गोष्ट. नववीच्या वर्गातील एक मुलगा, जो एरवी नीटनेटका व अभ्यासू, तो एकाएकी उशिरा येऊ लागला. पहिल्या तासास त्याचे डोळे मिटत. गृहपाठ कधी अपुरा, तर कधी मुळीच केलेला नसे. दोन दिवस आम्ही दुर्लक्ष केले. तिसऱ्या दिवशी मात्र त्यास वर्गासमोर उभे केले आणि म्हटले, "रात्रभर मोबाइलवर खेळत बसतोस आणि झोप काढावयास शाळेत येतोस, होय ना?" वर्ग हसला. मुलगा खाली मान घालून एवढेच म्हणाला, "नाही, सर." अधिक एक शब्दही त्याने उच्चारला नाही. आम्ही त्यास तासभर उभे ठेवले.

शाळा सुटल्यावर त्याच्या शेजारी बसणारा मुलगा आमच्याकडे आला व भीत भीत म्हणाला, "सर, त्याच्या घरी महिन्याचे बाळ आहे." आम्हांस थोडे चुकल्यासारखे वाटले, परंतु बाळाचा आणि त्याच्या झोपेचा संबंध काय, हे उमगले नाही. म्हणून पुढच्या रविवारी दुपारी आम्ही त्याच्या घरी गेलो.

हे घर वसई तालुक्यात, समुद्र व रेल्वे यांच्या मधल्या हिरव्या पट्ट्यातील एका वाडीत आहे. हा प्रदेश १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता, आणि त्या काळापासून येथे कॅथॉलिक वस्ती आहे. जपानमध्ये नागासाकी येथे १५९७ साली क्रुसावर प्राणार्पण केलेले व १८६२ साली संतपदास पोहोचलेले गोन्सालो गार्सिया हे याच वसईचे. येथील कॅथॉलिक कुटुंबे प्रार्थना चर्चमध्ये करतात, पण बोली, शेती, लग्नातील गाणी आणि स्वयंपाक या सर्व बाबतींत ती या मातीचीच आहेत. केळी, भाजीपाला व फुले यांच्या बागा अजून काही ठिकाणी आहेत. बाकी तरुण मंडळी पहाटेच्या लोकल गाडीने मुंबईस नोकरीला जातात.

आमच्या विद्यार्थ्याचे वडील हयात नाहीत. घरात आई, थोरला भाऊ, वहिनी, हा मुलगा आणि नवे बाळ अशी पाच माणसे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु वहिनीची आई पूर्वीच निवर्तलेली असल्यामुळे ते सासरीच झाले. वहिनी एका कचेरीत काम करते. मातृत्वाच्या रजेचा कायदा २०१७ साली सुधारण्यात आला आणि पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी मिळणारी बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवड्यांची झाली. तीवर ती घरी होती. भावास मात्र मोजके दिवस मिळाले व ते केव्हाच सरले होते.

आम्ही ओटीवर पाऊल ठेवले तो पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या बांधलेल्या व त्यांवर लहान लहान दुपटी आणि लंगोट वाळत घातलेले. बाहेर पावसाची झड लागलेली. आमचा विद्यार्थी एका कोपऱ्यात बसून ओलसर दुपट्यांवर इस्त्री फिरवीत होता. आम्हांस पाहताच तो गडबडून उठला आणि पहिली गोष्ट त्याने कोणती केली असेल, तर हातातील लंगोट पाठीमागे लपविला. आम्ही शिक्षक, आणि आमच्या समोर एका सद्गुणी मुलाने आपला सद्गुण चोरीच्या मालाप्रमाणे लपवावा, हे पाहून आम्हांस जे वाटले ते येथे लिहिणे कठीण आहे.

आत गेल्यावर भिंतीवर क्रूस दिसला. त्याच्या खाली फळीवर पवित्र मरियेची मूर्ती व जपमाळ होती, आणि शेजारी वहीच्या पानावर रेघा मारून केलेले एक वेळापत्रक चिकटविले होते. शाळेची वेळापत्रके करण्यात आमची वीस वर्षे गेली आहेत. असे वेळापत्रक मात्र आम्ही कधी पाहिले नव्हते. रात्री दहापासून एकपर्यंत भावाचे नाव. एकपासून तीनपर्यंत, "आई". तीनपासून पाचपर्यंत आमच्या विद्यार्थ्याचे नाव. पाणी तापविणे, दुपटी धुणे, बाजारहाट, स्वयंपाक, बागेतील भाजी काढणे, या प्रत्येकापुढे कोणाचे ना कोणाचे नाव होते. वहिनीच्या नावापुढे दोनच शब्द होते : "दूध. झोप."

मुलाच्या आईने आम्हांस बसावयास पाट दिला व सर्व हकिकत सांगितली. "मास्तर, पहिले दहा-बारा दिवस हे असे नव्हते. सून एकटीच रात्रभर जागायची. दिवसा पाहुणे. मग ती उगाच रडू लागली. जेवण समोर ठेवले तरी रडायची. मी म्हटले, मला पाच मुले झाली, मी कधी रडले नाही, हिला काय झाले? चौदाव्या दिवशी आरोग्यसेविका आली. तिने बाळाचे वजन केले, आणि मग सुनेला विचारले, बाई, काल तू किती झोपलीस? घरात इतकी माणसे. पण हे विचारायचे कोणालाच सुचले नव्हते. मग माझ्या ध्यानात आले. मला पाच मुले झाली हे खरे, पण तेव्हा या घरात तीन जावा होत्या, सासू होती, नणंद होती. मी एकटी कुठे होते? आता ही एकटी आहे. जावा नाहीत, तर जावांचे काम मुलग्यांनी करायला नको का?"

मित्रहो, या निरक्षर बाईने जे सांगितले त्याहून अधिक आम्ही पदवीधर असूनही सांगू शकत नाही. पूर्वीची स्त्री अधिक सोशीक होती व आजची नाजूक आहे, असे बोलण्याची पुष्कळांस सवय असते. वस्तुस्थिती अशी की, पूर्वी ओझे जड होते, पण ते उचलण्यास अनेक हात होते. आज घरे लहान झाली, हात कमी झाले, पण ओझे तितकेच राहिले. नवे बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध मागते. म्हणजे दर दोन-तीन तासांनी आईस उठणे भाग. दूध आईवाचून कोणी पाजू शकत नाही हे खरे. परंतु दूध पिऊन झाल्यावर बाळास खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, ओले बदलणे, थोपटणे व फिरविणे ही कामे कोणीही करू शकतो. आणि तेवढ्या वेळात आईस जी घटकाभर झोप मिळते, तीच दुसऱ्या दिवशी तिचा धीर होते. आमचा विद्यार्थी पहाटे तीन ते पाच बाळास खांद्यावर घेऊन पडवीत फेऱ्या घालीत असे. आम्ही त्यास वर्गात जो तासभर उभे केले, तो त्याच्या उभे राहण्याचा त्या दिवसाचा तिसरा तास होता.

आता या विषयातील शास्त्राचा भाग पाहू; कारण नुसत्या मायेने बाळ वाढत नाही, मायेस ज्ञानाची जोड हवी.

बाळ जन्मल्यावर तासाभराच्या आत त्यास आईचे दूध पाजावे. पहिल्या दोन-तीन दिवसांचे घट्ट, पिवळसर दूध, ज्यास चीक म्हणतात, ते काही ठिकाणी वाईट समजून पिळून टाकतात. ही मोठी चूक होय. रोगांशी झुंजण्याची शक्ती बाळास त्या चिकातूनच मिळते. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, पाणीसुद्धा नको. मध चाटविण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. पण मधात एका घातक जंतूची बीजे असू शकतात. मोठ्या माणसास ती बाधत नाहीत. वर्षाच्या आतील बाळास मात्र त्यांपासून जिवावरचे दुखणे होऊ शकते. काजळात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून तेही बाळाच्या डोळ्यांत घालू नये. नाळेचा तुकडा गळून पडेपर्यंत कोरडा ठेवावा. त्यावर हळद, राख अगर तेल लावू नये. बाळास झोपविताना उताणे निजवावे, तोंडाजवळ उशी अगर जड पांघरूण असू नये, आणि अंगास ऊब असावी. जन्मताच क्षय, पोलिओ व एका प्रकारची कावीळ यांवरील लसी द्याव्या लागतात. पुढील लसी सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात असतात. त्या चुकवू नयेत.

बाळ दूध पिईनासे झाले, अंग तापले अगर गार पडले, श्वास मिनिटास साठ किंवा त्याहून अधिक वेळा चालू लागला, श्वासाबरोबर छाती आत ओढली जाऊ लागली, आकडी आली, अगर तळहात व तळपाय पिवळे दिसू लागले, तर घरगुती उपाय करीत बसू नये. तत्काळ दवाखाना गाठावा. त्याचप्रमाणे बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत आईस विनाकारण रडू येणे ही सामान्य गोष्ट आहे. विश्रांतीने व प्रेमळ शब्दांनी ते बहुधा आपोआप निवळते. परंतु दोन आठवडे उलटूनही उदासपणा जात नसेल, तर त्यास हट्ट किंवा नखरा न म्हणता वैद्यकीय सल्ला घ्यावा. तो एक आजार आहे, आणि तो बरा होतो.

घरोघर जाऊन बाळाची व आईची विचारपूस करणाऱ्या सेविकांचे महत्त्व किती आहे, हे आपल्या महाराष्ट्रानेच जगास दाखविले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यांतील साध्या स्त्रियांस नवजात बाळाची निगा घरीच कशी राखावी याचे शिक्षण दिले. त्या स्त्रियांनी एकोणचाळीस गावांत हे काम केले आणि तेथील नवजात बालकांचे मृत्यू शेकडा साठांहून अधिक कमी झाले. ही माहिती १९९९ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे २०११ पासून भारत सरकारने अशा गृहभेटींची योजना देशभर सुरू केली. तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरावीक दिवशी सेविकेने घरी यावे, असा तिचा क्रम आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या घरी चौदाव्या दिवशी जो प्रश्न विचारला गेला, त्यामागे एवढा इतिहास आहे.

आता त्या संध्याकाळकडे परत येऊ. पावसामुळे आम्ही तेथेच अडकलो. सात वाजता चर्चची घंटा झाली तशी घरातील मंडळी क्रुसासमोर जमली. कॅथॉलिक घरांत संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना म्हणण्याची परंपरा आहे. तिचे पाच भाग असतात व प्रत्येक भागात 'नमो मरिया' ही प्रार्थना दहा वेळा म्हटली जाते. दुसरा भाग चालू असता बाळ जागे होऊन रडू लागले. वहिनी उठू लागली, पण सासूने हातानेच तिला बसविले, आणि थोरल्या मुलाकडे पाहिले. तो उठला, बाळास घेऊन पडवीत गेला, आणि तेथूनच मोठ्याने प्रार्थनेचे उत्तर देऊ लागला. आतून अर्धी प्रार्थना, बाहेरून उरलेली अर्धी आणि मध्ये बाळाचे रडणे. प्रार्थना मोडली, असे कोणासच वाटले नाही. आम्हांस तर वाटले की, ती त्या क्षणी पुरी झाली.

शुभवर्तमानात प्रभू येशूच्या बालपणाविषयी फार थोडे लिहिले आहे. मंदिरात अर्पण करताना त्याच्या आईबापांनी गरिबांचे अर्पण दिले, एवढे लूक सांगतो; आणि बारा वर्षांच्या वयाची एक गोष्ट सोडली, तर नाझरेथातील पुढच्या दीर्घ काळाविषयी सर्व लेखक जवळजवळ मौन धरतात. पोप सहावे पौल ५ जानेवारी १९६४ रोजी नाझरेथास गेले असता त्यांनी त्या घरास शाळेची उपमा दिली होती. त्या शाळेत काय चालले असेल? पाणी भरणे, चूल पेटविणे, लाकूड तासणे, रडणाऱ्यास उगे करणे. जे काम ख्रिस्ताच्या घरी दररोज होत होते, ते हलके कसे म्हणावे?

बाळाचा स्नानसंस्कार त्यानंतर दोन रविवारांनी झाला. पूर्वी बाळ जन्मल्यावर थोड्याच दिवसांत त्यास चर्चमध्ये नेत, आणि बाळंतीण अजून अंथरुणावर असल्यामुळे ती बहुधा घरीच राही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली बालकांच्या स्नानसंस्काराचा नवा विधी आला आणि त्यात आईबापांस प्रमुख स्थान मिळाले. बाळासाठी संस्कार मागणे, त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण करणे व त्यास श्रद्धेत वाढविण्याचे वचन देणे, हे सर्व आता तेच करतात. आमच्या विद्यार्थ्यास धर्मपिता होण्याची फार इच्छा होती. परंतु चर्चच्या १९८३ च्या नियमसंहितेप्रमाणे त्यासाठी सर्वसाधारणपणे सोळा वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि त्यास पंधरावे चालू होते. तो थोडा हिरमुसला. संस्काराच्या वेळी बाळाच्या मस्तकावर तीन वेळा पाणी घातले गेले तेव्हा ते किंचाळून रडू लागले, आणि आईबाप व धर्ममाता यांपैकी कोणाच्याही हाती राहीना. शेवटी वहिनीने मागे वळून आपल्या दिरास खूण केली. त्याने बाळास खांद्यावर घेतले, दोन फेऱ्या घातल्या, आणि ते उगे राहिले. पहाटे तीन ते पाच ज्या खांद्यावर ते झोपत असे, तो खांदा त्यास ओळखू आला होता.

आमच्याकडून जी चूक घडली, तिचे परिमार्जन आम्ही दुसऱ्याच सोमवारी केले. ज्या वर्गासमोर त्यास उभे केले होते, त्याच वर्गासमोर आम्ही म्हटले, "माझा अन्याय झाला. हा मुलगा घरातील आजारी व थकलेल्या माणसासाठी जागत होता." त्याने आधी आम्हांस विनविले होते की, "सर, लंगोटाचे तेवढे सांगू नका." तेव्हा आम्ही ते सांगितले नाही. आता वर्ष लोटले. हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही त्यास पुन्हा विचारले. तो हसून म्हणाला, "आता लिहा, सर."

मुलांनो, तुमच्या घरी बाळ येईल. ते बहीण असेल, भाऊ असेल, पुतण्या अगर भाची असेल. त्या वेळी एवढे ध्यानात ठेवा. बाहेरून आल्यावर हात साबणाने धुतल्यावाचून बाळास घेऊ नका. बाळास पाहावयास जाताना आईकडेही पाहा. ती जेवली का, ती झोपली का, हे विचारा. जे काम आपण करू शकतो ते करण्यास कोणी सांगेपर्यंत थांबू नका. आणि मुलग्यांनो, दुपटे धुतल्याने कोणाचा पुरुषार्थ कमी होत नाही. जो हे पाहून हसतो, त्याचीही दुपटी कोणीतरी धुतलीच होती.

पालकांस आमची नम्र विनंती अशी की, घरात असा प्रसंग असेल तर दोन ओळींची चिठ्ठी शाळेत पाठवावी. मुले लाजेने सांगत नाहीत, आणि आम्ही अज्ञानाने शिक्षा करतो. मुलाच्या झोपेची व अभ्यासाची काळजीही घ्यावी. घरकामाचा वाटा त्याने उचलावा, पण तो त्याच्या वयास पेलेल इतकाच असावा. त्या घरी आमच्या भेटीनंतर वेळापत्रक बदलले. पहाटेचा पहारा आजीने घेतला, आणि मुलाकडे शाळेनंतरची संध्याकाळ आली.

आणि आम्ही शिक्षकांनीही एक नियम स्वतःस घालून घेतला आहे. उशिरा आलेल्या मुलास "का उशीर केलास?" असे दरडावण्यापूर्वी त्यास जवळ बोलावून हळूच विचारावे, "घरी सर्व ठीक आहे ना?" आरोग्यसेविकेने त्या बाईस विचारलेल्या प्रश्नाइतकाच हा प्रश्न साधा आहे. तो आम्ही आधी विचारला असता, तर एका चांगल्या मुलास वर्गासमोर खाली मान घालावी लागली नसती.

देव आपणा सर्वांच्या घरांचे व पाळण्यांचे रक्षण करो.